एफटी८ च्या फायली फुगल्या, डिस्क भरली: काय ठेवायचं, काय काढायचं?

मीटर_वीस (धागाकर्ता) · शनिवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

शॅकमध्ये, म्हणजे माझ्या हॅम रेडिओच्या खोलीत, एक जुना छोटा पीसी आहे. विंडोज १०, १२८ जीबीची एसएसडी. त्यावर एफटी८ (छोटे डिजिटल संदेश पाठवायची रेडिओ पद्धत) साठीचा डब्ल्यूएसजेटी-एक्स हा प्रोग्रॅम दिवसरात्र चालू असतो. मी रोज सीक्यू ('कोणीही उत्तर द्या' अशी हाक) देतोच असं नाही, पण ऐकणं बंद करत नाही. दिवसा २० मीटरचा बँड, रात्री ४०, आणि ऐकलेलं पीएसके रिपोर्टरला (कोणी कोणाला ऐकलं ते दाखवणारं संकेतस्थळ) जात राहतं. काल जागा संपल्याची लाल पट्टी दिसली. शोधाशोध केली तर डब्ल्यूएसजेटी-एक्सचा एकटा फोल्डर ४० जीबीच्या घरात गेलाय. आत ऑल.टीएक्सटी नावाची फाइल आहे, ३ जीबीच्या वर. नोटपॅडला ती उघडतच नाही. शिवाय 'सेव्ह' नावाचा एक फोल्डर आहे, तो नुसता उघडायलाच पीसी ताटकळवतो.

प्रश्न असे: ऑल.टीएक्सटी उडवली तर माझे क्यूएसओ (झालेल्या संपर्कांच्या नोंदी) जातील का? सेव्ह फोल्डरमध्ये नेमकं काय साठलंय? हल्ली डिकोड (उलगडलेले संदेश) उशिरा पडद्यावर येतात, ते या फाइलमुळेच का? आणि एकदा साफ करून सहा महिन्यांनी पुन्हा तेच, असं नको आहे. कायमचा बंदोबस्त करायचाय.

७३

शॅकवाला_नाशिक · शनिवार, रात्री ९:५०

आधी एक काम करा: घाईने काहीही पुसू नका. त्या फोल्डरमध्ये एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच प्रकारच्या फायली शेजारी शेजारी बसलेल्या आहेत. काहींची किंमत शून्य आहे, आणि एक अशी आहे की ती गेली तर तुम्हाला फार वाईट वाटेल.

डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या फाइल मेनूत 'ओपन लॉग डिरेक्टरी' आहे, तिथून जा, म्हणजे योग्य फोल्डर उघडेल. विंडोजवर तो तुमच्या युजरच्या ॲपडेटा-लोकलमध्ये असतो, लिनक्सवर होममधल्या डॉट-लोकल-शेअरमध्ये.

डब्ल्यूएसजेटीएक्स_लॉग.एडीआय: हे तुमचे क्यूएसओ. एडीआयएफ या लॉगसाठी ठरलेल्या स्वरूपात, एका संपर्काची एक नोंद: कॉलसाइन (केंद्राचं सांकेतिक नाव), ग्रिड (ठिकाणाचा सांकेतिक चौकोन), दिलेला-घेतलेला सिग्नल रिपोर्ट, तारीख, वेळ, बँड. एक नोंद साधारण अडीचशे बाइटची धरा. म्हणजे दहा हजार संपर्क झाले तरी फाइल अडीच एमबीच्या आसपास. हिच्यामुळे डिस्क कधीच भरत नाही. हिला हात लावायचा नाही.

ऑल.टीएक्सटी: तुमच्या रिसीव्हरने जे जे डिकोड केलं ते सगळं, आणि तुम्ही जे पाठवलं तेही. कोण कोणाशी बोलत होतं, तुमचा संबंध असो वा नसो. हिशेब करून बघा. एफटी८ चं आवर्तन १५ सेकंदांचं, म्हणजे तासाला २४०, दिवसाला ५,७६०. २० मीटरवर बँड उघडा असताना एका आवर्तनात २० डिकोड सहज येतात. एक ओळ साधारण ६५ बाइटची. गुणाकार केला की दिवसाला साडेसात एमबी, वर्षाला पावणेतीन जीबी. तुमची ३ जीबीची फाइल म्हणजे वर्षभराहून थोडं जास्त ऐकणं आहे. यात बिघाड काहीच नाही, प्रोग्रॅम सांगितलेलं काम करतोय.

सेव्ह फोल्डर: खरा गुन्हेगार हा. मुख्य खिडकीवर 'सेव्ह' नावाचा मेनू आहे. त्यात 'नन', 'सेव्ह डिकोडेड' आणि 'सेव्ह ऑल' असे पर्याय आहेत. तुमच्याकडे दुसरा किंवा तिसरा निवडलेला असणार. मग प्रत्येक आवर्तनाचा आवाज डब्ल्यूएव्ही फाइल म्हणून साठतो. सेकंदाला १२,००० नमुने, प्रत्येकी १६ बिट, १५ सेकंद: एक फाइल ३६० केबीची. दिवसाच्या ५,७६० फायली, म्हणजे दिवसाला दोन जीबीच्या वर. अडीच-तीन आठवड्यांत चाळीस जीबी होतात. 'सेव्ह डिकोडेड' केलं तर कमी साठेल असं वाटतं, पण २० मीटरवर बहुतेक प्रत्येक आवर्तनात एखादा तरी डिकोड होतोच, त्यामुळे दोन्हींत फारसा फरक उरत नाही.

तेव्हा आत्ता लगेच: सेव्ह मेनू 'नन' वर आणा, आणि फाइल मेनूतून सेव्ह फोल्डरमधल्या डब्ल्यूएव्ही आणि सी२ फायली पुसण्याचा जो पर्याय आहे तो वापरा. जागा मोकळी होईल. ऑल.टीएक्सटीबद्दल निवांत बोलू.

मीटर_वीस · शनिवार, रात्री १०:२५

सेव्ह मेनूत 'सेव्ह ऑल' वरच खूण होती. आता 'नन' केलं. पुसायला बराच वेळ लागला पण ३६ जीबी परत मिळाले! मनापासून आभार.

उशिरा येणाऱ्या डिकोडचं काय?

शॅकवाला_नाशिक · शनिवार, रात्री १०:४१

ते ऑल.टीएक्सटीच्या आकारामुळे नाही. प्रोग्रॅम ती फाइल वाचत बसत नाही, फक्त शेवटी ओळी जोडतो. फाइल तीन एमबीची असो की तीन जीबीची, ओळ जोडायला तेवढाच वेळ लागतो. पण तिच्या आजूबाजूला इतर प्रोग्रॅम असतात. अँटिव्हायरस बदललेली फाइल दर वेळी तपासायला घेत असेल, किंवा एखादा बॅकअप प्रोग्रॅम 'फाइल बदलली' म्हणून तीन जीबी पुन्हा पुन्हा ढगावर चढवत असेल, तर पीसी दमतो. त्यात एसएसडी काठोकाठ भरली की लिहिणं आणखी संथ होतं. आधी जागा मोकळी झाल्यावर फरक पडतो का बघा. नाही पडला तर बॅकअपच्या यादीतून ऑल.टीएक्सटी वगळा. एडीआय फाइल मात्र यादीत असलीच पाहिजे.

कोल्हापुरी_की · रविवार, सकाळी ७:०५

शॅकवाला यांच्या प्रतिसादाला +१.

मी मुख्यतः सीडब्ल्यू (मोर्स) आणि पीएसके३१ (टाइप केलेला मजकूर) वर असतो, एफएलडिजी हा प्रोग्रॅम वापरतो. तिथेही हाच प्रकार आहे, फक्त संथ. फाइल मेनूतल्या 'टेक्स्ट कॅप्चर' मध्ये सगळा आरएक्स-टीएक्स (ऐकलेला-पाठवलेला) मजकूर नोंदवायचा पर्याय चालू असेल तर दर दिवसाची एक मजकूर फाइल तयार होते. स्क्वेल्च (गोंगाट अडवणारी मर्यादा) उघडा ठेवून रात्रभर चालू ठेवलं तर ती निव्वळ गोंगाटाच्या अक्षरांनी भरते. मला त्या मजकुराचा उपयोग नाही, म्हणून तो पर्याय बंद केला आणि फक्त लॉगबुक ठेवलं.

ऑल.टीएक्सटी सुद्धा बिनधास्त उडवा असं मी म्हणेन. फाइल मेनूत 'इरेज ऑल.टीएक्सटी' दिलेलंच आहे. लेखकांनीच सोय केलीय म्हणजे ती उडवण्यासाठीच आहे.

रोहिणी_एचएफ · रविवार, सकाळी ८:३०

काका, इथे मी थोडी असहमत आहे. सेव्हमधले आवाज उडवा, काही हरकत नाही. पण ऑल.टीएक्सटी उडवण्याआधी तिच्यात काय असतं ते एकदा बघायला हवं. एक ओळ उदाहरण म्हणून घेऊ:

२४१०१५_११३०१५ २८.०७४ आरएक्स एफटी८ -१२ ०.३ १५२३ सीक्यू …

पहिले सहा आकडे तारीख: २०२४, ऑक्टोबर, १५. पुढचे सहा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) वेळ. मग डायल फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्झमध्ये, ऐकलं की पाठवलं ते, मोड, मग एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) डेसिबलमध्ये, मग वेळेतला फरक सेकंदांत, मग ऑडिओ फ्रिक्वेन्सी, आणि शेवटी संदेश.

या एका ओळीत खूप काही आहे. वेळेतल्या फरकाचाच रकाना घ्या. एखाद्या दुसऱ्या स्टेशनचा फरक मोठा असेल तर त्याचं घड्याळ चुकलंय. पण सगळ्यांचेच आकडे एकाच बाजूला अर्ध्या-पाऊण सेकंदाने सरकलेले दिसले तर तुमचं घड्याळ चुकलंय. ते कोणत्या दिवसापासून सरकत गेलं, हे जुन्या ओळी सांगतात. अँटेना बदलली, बालन (अँटेना आणि केबल जुळवणारा भाग) बदलला, शेजारच्या इमारतीवर सोलर इन्व्हर्टर बसला: तासाला येणारे डिकोड आधी किती होते आणि नंतर किती, हे मोजायला याच्याइतकं सोपं साधन नाही. 'बँड हल्ली मेलाय' असं आपण सगळेच म्हणतो. खरंच मेलाय की आपल्याकडचा नॉइज वाढलाय, हे ठरवायला आकडे लागतात.

आणि हे दिवस पुन्हा लवकर येणार नाहीत. सौरचक्र २५ (सूर्यावरच्या डागांचं चढ-उताराचं आवर्तन) कमाल अवस्थेत पोचल्याचं नासा आणि नोआ या अमेरिकी संस्थांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं. १० मीटरवर या काळात दुपार-संध्याकाळ जे ऐकू आलं ते चक्र उतरल्यावर येणार नाही. एक चक्र साधारण अकरा वर्षांचं असतं. आपल्या अक्षांशावर, आपल्या गच्चीवरच्या वायरवर काय ऐकू आलं याची नोंद फक्त आपल्याकडेच आहे. पीएसके रिपोर्टरला प्रत्येक ओळ जात नाही. स्टेशन, फ्रिक्वेन्सी, एसएनआर जातं. संदेशाचा मजकूर आणि वेळेतला फरक जात नाही.

फुगलेली फाइल अडचणीची आहे हे मान्य. पण त्यावर तुकडे करून दाबून ठेवणं हा उपाय आहे.

कोल्हापुरी_की · रविवार, सकाळी ८:५२

रोहिणीताई, वेळेच्या रकान्याचा असा उपयोग माझ्या डोक्यात आला नव्हता. माझा 'बिनधास्त' मागे घेतो. पण सगळ्यांनीच ठेवायला हवी असं नाही ना? ज्याला अभ्यास करायचा नाही त्याने काय करावं?

रोहिणी_एचएफ · रविवार, सकाळी ९:१०

ज्याला नको त्याने निदान मागचे तीन महिने तरी ठेवावेत. त्याचं एक अगदी व्यावहारिक कारण आहे: हरवलेले क्यूएसओ परत मिळवता येतात.

समजा क्यूएसओ संपला, लॉग करायची खिडकी आली, आणि ओके दाबायच्या आत वीज गेली. किंवा लॉगिंग प्रोग्रॅमशी जोडणी तुटलेली होती आणि दोन दिवस काहीच पोचलं नाही. दोन महिन्यांनी समोरच्याचं संपर्काची पुष्टी करणारं कार्ड येतं आणि आपल्या लॉगमध्ये नावच नाही. अशा वेळी ऑल.टीएक्सटीमध्ये त्याचं कॉलसाइन शोधायचं. पूर्ण संवाद ओळीने सापडतो: तुमचा सीक्यू, त्याचं उत्तर ग्रिडसह, तुम्ही दिलेला रिपोर्ट, त्याचा आर लावलेला रिपोर्ट, तुमचा आरआर७३ (पोचलं, शुभेच्छा), त्याचा ७३ (शुभेच्छा). तुमच्या ओळींवर टीएक्स असतं, त्याच्या ओळींवर आरएक्स. दोन्ही रिपोर्ट आणि पावती दिसली की क्यूएसओ पूर्ण झालेला आहे, तारीख-वेळेसह लॉगमध्ये घालायला हरकत नाही. पावतीची ओळच नसेल तर तो अर्धवट राहिला होता. तो घालू नका.

फाइल उघडायची गरज नाही. विंडोजच्या कमांड खिडकीत फाइंडस्ट्र, लिनक्सवर ग्रेप, पुढे कॉलसाइन आणि फाइलचं नाव. तीन जीबीच्या फाइलमधूनही थोड्या वेळात ओळी मिळतात.

मीटर_वीस · रविवार, सकाळी ११:३०

ताई, फाइंडस्ट्र करून बघितलं. माझं स्वतःचं कॉलसाइन टाकलं तर गेल्या पावसाळ्यातले संवादसुद्धा आले. एक जपानचा क्यूएसओ एडीआयमध्ये नव्हता, आरआर७३ आणि ७३ दोन्ही ओळी सापडल्या. फार आनंद झाला. आता ही फाइल उडवणार नाही हे नक्की.

पण मग तिचे तुकडे कसे करायचे? आणि पुढे आपोआप कसे होतील?

पायप्रेमी · रविवार, दुपारी १:१५

दोन वेगळे प्रश्न आहेत, पुढचा सोपा आहे म्हणून तो आधी.

पुढचं. डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या नव्या आवृत्त्यांत ऑल.टीएक्सटीचे वर्षावार किंवा महिन्यावार तुकडे करायची सोय आलीय, ती लिहिणं पूर्ण बंदही करता येतं. जुनी आवृत्ती असेल तर अद्ययावत करा आणि महिनावार निवडा. जेटीडीएक्स (याच धर्तीचा दुसरा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांना काही करायलाच नको, तिथे पहिल्यापासून वर्ष-महिना नावात असलेली वेगळी फाइल होते. एका महिन्याची फाइल तुमच्यासारख्या चोवीस तास चालणाऱ्या स्टेशनलाही सव्वादोनशे एमबीच्या आसपास राहील. ती उघडता येते, पाठवता येते, शोधता येते.

मागचं. ओळीची सुरुवात तारखेने होते याचा फायदा घ्या. पहिले चार आकडे म्हणजे वर्ष आणि महिना. ओळीच्या सुरुवातीला २४०६ असलेल्या सगळ्या ओळी वेगळ्या फाइलमध्ये वळवल्या की जून २०२४ तयार. फाइंडस्ट्रमध्ये 'ओळीच्या सुरुवातीलाच' असं सांगायला बी हा पर्याय आहे, ग्रेपमध्ये आकड्यांच्या आधी टोपीचं चिन्ह. तो पर्याय विसरलात तर २४०६ हे आकडे ओळीत मधेच कुठेतरी, म्हणजे ऑडिओ फ्रिक्वेन्सीतही सापडतील आणि भलत्या ओळी येतील.

एक अडचण सांगून ठेवतो. फार जुन्या, १.९ च्या काळातल्या आवृत्त्यांत तारीख स्वतंत्र ओळीवर यायची आणि खालच्या ओळींवर नुसती वेळ असायची. तुमच्या फाइलचा सुरुवातीचा भाग तसा असेल तर या पद्धतीने तो वेगळा होणार नाही. तो एकगठ्ठा 'जुनं' म्हणून ठेवून द्या.

तुकडे करताना डब्ल्यूएसजेटी-एक्स बंद ठेवा. सगळे तुकडे झाले, ओळींची बेरीज मूळ फाइलशी जुळली, की मगच मूळ फाइल काढा.

नंतर दाबून ठेवा, सेव्हन-झिप चालेल. अशा मजकुरात तीच कॉलसाइन्स आणि तेच आकडे सतत येतात, त्यामुळे तो खूप दबतो. माझ्याकडे चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे वर्षाचं ऐकणं एका साध्या पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावतं.

पेनड्राइव्हवरून आठवलं: तो एफएटी३२ असेल तर ४ जीबीच्या पुढची एकसंध फाइल त्यावर जातच नाही. ड्राइव्ह रिकामा असला तरी 'फाइल मोठी आहे' म्हणून नकार मिळतो. महिनावार तुकड्यांचा हाही एक फायदा.

शॅकवाला_नाशिक · रविवार, दुपारी २:००

उत्तम. दोन जोड देतो.

एक, दोन रेडिओंसाठी डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या दोन प्रती चालवत असाल तर प्रत्येक रिगच्या नावाने वेगळा फोल्डर असतो आणि प्रत्येकात वेगळी ऑल.टीएक्सटी. एक साफ केली आणि दुसरी तशीच वाढत राहिली असं बऱ्याच जणांचं होतं.

दुसरं, कधी काळी आवाज साठवायची खरोखर गरज पडली, समजा एखाद्या दुबळ्या सिग्नलचा पुन्हा डिकोड करून बघायचाय, तर सेटिंग्जमधल्या ऑडिओच्या पानावर सेव्ह डिरेक्टरी बदलता येते. ती बाहेरच्या मोठ्या डिस्कवर न्या. सी ड्राइव्हवर दिवसाला दोन जीबी टाकू नका.

पायप्रेमी · रविवार, संध्याकाळी ६:४०

लिनक्स आणि रास्पबेरी पाय (एसडी कार्डावर चालणारा छोटा संगणक) वाल्यांसाठी वेगळं लिहितो, कारण तिथे प्रश्न जागेबरोबर कार्डाच्या आयुष्याचाही असतो. एसडी कार्डावर सतत थोडं थोडं लिहीत राहिलं की ते झिजतं. त्यात आपल्याकडे वीज सांगून जात नाही. लिहिता लिहिता वीज गेली की फाइलचा शेवट तुटतो, कधी पूर्ण फाइलसिस्टिम तपासायची वेळ येते. छोटा यूपीएस घ्या, हे लॉगच्या आधी.

माझ्याकडे पायवर डायरवुल्फ हा प्रोग्रॅम चालतो, एपीआरएससाठी (रेडिओवरून ठिकाण आणि छोटे संदेश पाठवायची पद्धत). १४५.८२५ मेगाहर्ट्झवर अंतराळ स्थानकाचे पॅकेट ऐकतो. डायरवुल्फला लॉग दोन तऱ्हांनी सांगता येतो: लहान एल लावला की दिलेल्या फोल्डरमध्ये रोजची वेगळी फाइल, तारखेच्या नावाने. मोठा एल लावला की एकच फाइल, ती वाढत राहते. लहान एल वापरा. मग ठरावीक दिवसांपेक्षा जुन्या फायली काढायला फाइंडची एक ओळ क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) पुरते.

मोठा एल वापरत असाल तर एक गोष्ट समजून घ्या. चालू प्रोग्रॅमने उघडून ठेवलेली फाइल आरएम या आज्ञेने पुसली तर नाव जातं, जागा परत मिळत नाही. डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी आज्ञा) आधी होती तेवढीच भरलेली दाखवतं आणि डीयूने (फोल्डरचा आकार मोजणारी आज्ञा) शोधलं तर काहीच सापडत नाही. प्रोग्रॅम फाइल सोडतो तेव्हाच जागा मोकळी होते. पुसूनही डिस्क भरलेलीच दिसत असेल तर पहिला संशय हाच घ्या, एलएसओएफने पुसलेल्या पण उघड्या फायली दिसतात. डायरवुल्फ पुन्हा सुरू केलं की झालं.

अशा एकाच फाइलवाल्या प्रोग्रॅमसाठी लॉगरोटेट (लॉग फायली ठरावीक काळाने बदलणारी सोय) आहेच. त्यात कॉपीट्रंकेट लिहिलं की तो फाइलची प्रत काढतो आणि मूळ फाइल जागेवरच रिकामी करतो, प्रोग्रॅमला धक्का लागत नाही. प्रत काढणं आणि रिकामं करणं यांच्या मधल्या क्षणात आलेली एखादी ओळ गळू शकते, ते चालवून घ्यायचं. एसव्हीएक्सलिंकसारख्या (रिपीटर चालवणाऱ्या) प्रोग्रॅमना हप हा सिग्नल दिला की ते स्वतःच फाइल बंद करून नवी उघडतात. तिथे कॉपीट्रंकेटची गरज नाही आणि एकही ओळ गळत नाही. होम फोल्डरमधल्या फाइलवर लॉगरोटेट 'परवानग्या असुरक्षित' म्हणून अडला तर त्याच्या कॉन्फिगमध्ये एसयू लिहून तुमचा युजर आणि गट द्या.

आणि जर्नल (लिनक्सचा स्वतःचा लॉग) तपासा. रेडिओच्या फायली स्वच्छ असतात आणि सिस्टिमडीचं जर्नलच जागा खात असतं, असं बरेचदा निघतं. जर्नलसीटीएलला डिस्क-यूसेज विचारा, कॉन्फिगमध्ये सिस्टिम-मॅक्स-यूज २०० एमबी वगैरे घाला.

अंबर_डॅलस · रविवार, रात्री ८:१५

टेक्सासहून राम राम. इथे माझ्याकडे पाय-स्टार हॉटस्पॉट (डिजिटल रेडिओला इंटरनेटशी जोडणारं छोटं यंत्र) आहे, म्हणून त्याची भर.

पाय-स्टारमध्ये कार्ड एरवी फक्त-वाचन अवस्थेत असतं आणि लॉग रॅममध्ये तात्पुरत्या जागेत जातात. म्हणजे कार्ड झिजत नाही, पण रीबूट केलं की लॉग गेले. ती तात्पुरती जागा अगदी लहान आहे. ती भरली की डॅशबोर्ड विचित्र वागतो, 'शेवटचं ऐकलेलं' गोठून बसतं, आणि माणूस रेडिओत किंवा नेटवर्कमध्ये दोष शोधत बसतो. आधी डीएफ बघावं.

कारण बहुधा लॉगची पातळी असते. एमएमडीव्हीएमच्या (हॉटस्पॉटमधला मुख्य प्रोग्रॅम) कॉन्फिगमध्ये लॉग विभागात फाइल-लेव्हल आहे. १ म्हणजे डीबग, सगळ्यात जास्त बडबड. दोष शोधताना १ ठेवा, काम झालं की २ वर आणा. शून्य करू नका. शून्य म्हणजे नोंदच नाही, आणि डॅशबोर्ड तीच फाइल वाचून यादी दाखवतो. फाइल बंद केली की यादीही रिकामी.

कोल्हापुरी_की · रविवार, रात्री ८:४०

अंबर, हे माझ्या मित्राच्या हॉटस्पॉटला तंतोतंत लागू पडतंय. कळवतो त्याला.

एक शंका. क्यूएसओ लॉग ऑफ द वर्ल्ड, क्यूआरझेड, क्लब लॉग या ऑनलाइन सेवांवर चढवलेले असतात. मग एडीआयची एवढी काळजी कशाला?

अंबर_डॅलस · रविवार, रात्री ९:०५

मे २०२४ आठवा. लॉग ऑफ द वर्ल्ड चालवणाऱ्या एआरआरएल या अमेरिकी हौशी रेडिओ संघटनेच्या यंत्रणेवर सायबर हल्ला झाला आणि लॉग ऑफ द वर्ल्ड थेट १ जुलैला परत सुरू झालं. तिथल्या नोंदी सुरक्षित होत्या, कोणाचं काही गेलं नाही. पण तेवढे आठवडे ज्यांची एकमेव प्रत तिथे होती त्यांना आपलाच लॉग बघता येत नव्हता. या सेवा पुष्टीसाठी फार चांगल्या आहेत. तिथे तुमच्या नोंदीतलं सगळंच असेल असंही नाही. शेरे, समोरच्याचं नाव, वापरलेली अँटेना आपल्याच लॉगमध्ये असते.

शॅकवाला_नाशिक · रविवार, रात्री ९:३०

अंबर यांच्याशी पूर्ण सहमत, आणि आपल्याकडे आणखी एक कारण आहे. लॉग ठेवणं ही परवान्याची जबाबदारी आहे, १९७८ च्या हौशी सेवा नियमांत ती सांगितलेली आहे. तुमच्या केंद्रावरून काय प्रसारित झालं ते दाखवता आलं पाहिजे. म्हणून एडीआय तीन ठिकाणी: शॅकमधल्या पीसीवर, घरातल्या दुसऱ्या डिस्कवर, आणि घराबाहेर कुठेतरी. अडीच एमबीची फाइल आहे, स्वतःला ईमेल केली तरी चालते.

अजून एक. 'इरेज ऑल.टीएक्सटी' आणि 'इरेज डब्ल्यूएसजेटीएक्स_लॉग.एडीआय' हे दोन पर्याय फाइल मेनूत जवळजवळच आहेत. दुसरा दाबला गेला तर नोंदी जातातच, शिवाय डब्ल्यूएसजेटी-एक्सला कोणाशी आधी बोललात हे कळेनासं होतं आणि पडद्यावरचा प्रत्येक देश, प्रत्येक ग्रिड 'नवीन' रंगात दिसू लागतो. तसं झालंच तर मुख्य लॉगिंग प्रोग्रॅममधून पूर्ण लॉग एडीआयएफमध्ये काढा, त्याच नावाने त्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि सेटिंग्जमधल्या रंगांच्या पानावर 'रीस्कॅन एडीआयएफ लॉग' दाबा. रंग पूर्ववत होतात. पीसी बदलताना, किंवा क्यूएसओ काही काळ दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये नोंदवले असतील तेव्हाही हेच करायचं.

मीटर_वीस · मंगळवार, रात्री १०:०५

सगळं बसवलं. आत्ताची स्थिती:

सेव्ह 'नन' वर. डब्ल्यूएसजेटी-एक्स नव्या आवृत्तीवर नेलं, ऑल.टीएक्सटी महिनावार. जुन्या फाइलचे तुकडे केले, ओळींची बेरीज जुळली, सेव्हन-झिपने दाबून बाहेरच्या डिस्कवर ठेवले. एडीआयची प्रत रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर आणि ईमेलने. बॅकअप प्रोग्रॅममधून चालू महिन्याची ऑल फाइल वगळली. ती खरंच दर तासाला पूर्ण चढत होती, शॅकवाला म्हणाले तसंच निघालं! ते थांबवल्यापासून डिकोड वेळेवर येतायत.

रोहिणीताई, २० मीटरच्या ओळी वेगळ्या काढून तासावार मोजायला सुरुवात केलीय. तुमच्याकडच्या त्याच दिवसांच्या मोजणीशी ताडून बघायला आवडेल.

एकच राहिलं. महिना संपला की मागच्या महिन्याची फाइल आपोआप दाबून डिस्कवर जावी असं टास्क लावलंय, १ तारखेला रात्री १२:०५ ला. बरोबर आहे ना?

रोहिणी_एचएफ · मंगळवार, रात्री १०:३०

नक्की ताडून बघू. मी मार्च आणि एप्रिलचे दोन महिने पाठवते, यूटीसी तासांप्रमाणे मोजलेले. तुम्हीही यूटीसीच ठेवा, म्हणजे रकाने जुळतील.

पायप्रेमी · मंगळवार, रात्री १०:४८

टास्कची वेळ बदला. सगळ्या नोंदी यूटीसीत आहेत, त्यामुळे महिनाही यूटीसीच्या मध्यरात्री बदलतो, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. रात्री १२:०५ ला मागच्या महिन्याची फाइल अजून चालू असते, आणि शेवटचे साडेपाच तास त्या झिपमध्ये येणारच नाहीत. विंडोजचं टास्क आणि लिनक्सचं क्रॉन दोन्ही साधारणपणे स्थानिक वेळ पाळतात. १ तारखेला सकाळी ६ ठेवा. आणि मूळ फाइल पुसायची पायरी त्याच टास्कमध्ये घालू नका. झिप उघडून शेवटची ओळ यूटीसी २३:५९ च्या आसपासची आहे का ते बघा, मग हाताने पुसा.